दृढीकरण वर्ग आणि त्याला जोडलेला पालकवर्ग: एक अभिप्राय

पुण्यातील आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, दृढीकरण वर्ग (लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी स्वतः विश्वासाची कबुली देण्याच्या विधीची तयारी) पावसाळ्याच्या सुरुवातीला सुरू होतो आणि आगमनकाळापूर्वी, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांपूर्वी, संपतो. तेरा ते सोळा वर्षांची मुले रविवारी उपासनेनंतर मागच्या हॉलमध्ये बसतात आणि त्याच वेळी त्यांचे आईवडील शेजारच्या खोलीत पाळकसाहेबांसमोर बसतात. मुलांचा वर्ग बहुतेक मंडळ्यांत असतो. पालकांना असा सक्तीने बसवणारा वर्ग मी तरी अन्यत्र पाहिलेला नाही. माझ्या मुलीने हा वर्ग पूर्ण केला, मुलाने तो मध्येच सोडला आणि दोन्ही वेळा मी पालकवर्गात होतो, त्यामुळे वर्ग यशस्वी झालेल्या घराचा आणि न झालेल्या घराचा असे दोन्ही अनुभव माझ्याकडे आहेत. मुलाला इथे पाठवावे का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्याचे कारण मुलांच्या वर्गात फारसे नसून पालकांच्या वर्गात आहे, आणि ज्या पालकांना स्वतः बसायचे नाही त्यांनी या वर्गाकडून फार अपेक्षा ठेवू नये.

मुलांच्या वर्गाविषयी थोडक्यात सांगता येईल. प्रेषितांचा मतांगीकार (ख्रिस्ती विश्वासाची ठरलेली कबुली), दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हा ठरलेला अभ्यासक्रम एक निवृत्त शिक्षिका शिकवतात. त्या चांगल्या शिकवतात, पण इंग्रजी माध्यमातली मुले पवित्र शास्त्राचे मराठी वाचताना प्रत्येक जोडाक्षराला ठेचकाळतात आणि अर्धा वेळ वाचन सुधारण्यात जातो. ज्या घरांत आजी आहे आणि रात्री ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक उघडून कवी ना. वा. टिळकांची गीते म्हटली जातात, त्या घरातली मुले चटकन ओळखू येतात. बाकीच्यांना मराठी ही केवळ चर्चमध्ये ऐकू येणारी भाषा वाटू लागली आहे, आणि या अडचणीवर वर्गाकडे अजून तरी उपाय दिसत नाही.

पालकवर्गाची सुरुवात मात्र अनपेक्षित असते. पाळकसाहेब प्रत्येकाला एक कोरा कागद देतात आणि आपण स्वतः विश्वासात कसे आलो ते लिहायला सांगतात. खोलीत बहुतेक जण तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीचे ख्रिस्ती असतात. एखाद्या भगिनीला एखाद्या संजीवन (विश्वास जागवणाऱ्या) सभेतली रात्र आणि तिची तारीख आठवते. उरलेल्यांचे पेन पुढे सरकत नाही. ‘लहानपणापासून’ एवढेच लिहून अनेक जण कागद घडी करून ठेवतात, आणि मग पाळकसाहेब शांतपणे विचारतात की, जी तारीख तुम्हाला स्वतःच्या बाबतीत सांगता येत नाही, ती तुम्ही मुलाकडून का मागता? आपल्या घरांत एक विचित्र गोष्ट चालते हे त्या प्रश्नानंतर मला प्रथम लख्ख दिसले. मूल पाळण्यात असताना आपण त्याला ‘प्रभूचे लेकरू’ म्हणतो, दहा-बारा वर्षांचे झाले की त्याच्या प्रत्येक खोडीवर ‘अजून तुझे मनःपरिवर्तन झालेले नाही’ असे सुनावतो, आणि दृढीकरणाच्या रविवारी पांढरे कपडे घातले की सगळा प्रश्न सुटला असे समजून जेवणाचा हॉल ठरवतो. या तीन भूमिका एकमेकींशी जुळत नाहीत हे मुलांना आपल्याआधी कळते.

दुसऱ्या सत्रात पंडिता रमाबाईंचा दाखला येतो, आणि मला तो या वर्गातला सर्वांत मोलाचा भाग वाटला. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांच्याबरोबर दोन वर्षांच्या मनोरमेचाही. आईने समजून-उमजून, अनेक शंकांसह निर्णय घेतला होता. मुलीच्या वतीने तो आईनेच घेतला. पुढे 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या अनुभवकथनात, रमाबाई सांगतात की, बाप्तिस्मा झाल्यावर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा जो प्राण, तो ख्रिस्त आपल्याला जवळपास आठ वर्षांनी भेटला. म्हणजे ज्या प्रौढ, विद्वान स्त्रीने सर्व बाजूंनी विचार करून बाप्तिस्मा घेतला, तिच्याही आयुष्यात विधी आणि अंतःकरणाची ओळख यांच्यात इतके अंतर पडले. मग तेराव्या वर्षी आपल्या मुलाने दोन्ही गोष्टी एकाच रविवारी उरकाव्यात, असा आग्रह कशाच्या आधारावर धरायचा? मनोरमेच्या बाजूनेही पाहण्यासारखे आहे. जिला काहीच आठवत नव्हते अशा बाप्तिस्म्यापासून सुरुवात करून ती मोठेपणी केडगावच्या मुक्ती सदनाच्या कामात आईचा उजवा हात झाली आणि 1921 मध्ये आईच्या आधी गेली. तिच्या विश्वासाची सुरुवात नेमकी कोणत्या दिवशी झाली हे ठरवण्याचा प्रयत्न केला तर हाती काही लागणार नाही, पण म्हणून त्या विश्वासाला खोटे म्हणायला कोणी धजणार नाही.

यानंतरचे सत्र थोडे पुस्तकी आहे, तरी ज्यांना वाचनाची आवड आहे त्यांना ते रुचेल. अमेरिकेतील कनेटिकट नदीच्या काठी नॉर्थॅम्प्टन आणि हार्टफर्ड ही दोन गावे आहेत. पहिल्या गावी 1735 च्या संजीवनात फीबी बार्टलेट या चार वर्षांच्या मुलीचे मनःपरिवर्तन झाल्याचे तेथील पाळक जोनाथन एडवर्ड्‌स यांनी सविस्तर नोंदवून ठेवले आहे. ती एका लहानशा खोलीत शिरून प्रार्थना करी आणि रडे. त्या वृत्तांतातली मला अडकवून ठेवणारी गोष्ट वेगळीच आहे: तिच्यावर परिणाम झाला तो अकरा वर्षांच्या भावाच्या बोलण्याचा, कारण ती फारच लहान म्हणून आईवडील मुलांना उपदेश करताना तिच्याकडे वळून असे काही बोलतच नसत. दुसऱ्या गावी, शंभरहून अधिक वर्षांनी, 1847 मध्ये होरेस बुशनेल या पाळकाने नेमके उलट टोक धरले. ख्रिस्ती घरातल्या मुलाने आपण कधी ख्रिस्ती नव्हतो असे आठवूच नये, इतक्या सहजपणे त्याने विश्वासात वाढावे, असे त्याचे म्हणणे होते, आणि त्यावर त्याच्याच लोकांनी त्याला धारेवर धरले. हे सारे आपल्याला परके नाही. 1813 मध्ये मुंबईत उतरलेले आणि पुढे अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, स्थिरावलेले अमेरिकन मराठी मिशनचे लोक याच न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ही दोन गावे ज्या ईशान्य अमेरिकेत आहेत तिथल्या, मंडळ्यांच्या मुशीतून आले होते, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरांत ‘मुलाचे तारण (पापातून सुटका) झाले का’ आणि ‘मुलाला शिस्त लावली का’ हे दोन्ही प्रश्न त्यांच्याबरोबरच आले.

पाळकसाहेब या दोन टोकांपैकी एक निवडत नाहीत, आणि इथे काही पालक नाराज होतात. मूल मंडळीच्या आतलेच आहे असे मानून त्याला वाढवा, त्याच्यासमोर पश्चात्ताप आणि विश्वास हे शब्द मोठ्यांसाठी राखून ठेवू नका, आणि त्याच वेळी त्याच्या अंतःकरणात काय घडले याचे प्रमाणपत्र देण्याचे काम आपल्याकडे आहे असे समजू नका, असे त्यांचे म्हणणे आहे. आधार म्हणून ते शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला तिसरा अध्याय वाचतात. शमुवेल परमेश्वराच्या मंदिरात झोपत होता, तिथल्या याजक एलीच्या हाताखाली सेवा करत होता, आणि तरी त्याला परमेश्वराची ओळख अजून झाली नव्हती असे शास्त्रच म्हणते. हाक आली तेव्हा तो धावत एलीकडे गेला, आणि एलीने त्याला परत झोपायला पाठवले. तिसऱ्यांदा एलीच्या ध्यानात आले की ही हाक आपली नाही, तेव्हा त्याने मुलाला उत्तर कसे द्यायचे तेवढे सांगितले आणि तो बाजूला झाला. मुलाने काय ऐकले हे त्याने सकाळी विचारले, रात्री त्याच्या उशाशी बसून राहिला नाही. (एलीला स्वतःच्या मुलांना आवर घालता आला नव्हता हेही पाळकसाहेब लपवत नाहीत, आणि त्यामुळे खोलीतल्या बापांना जरा धीर येतो.)

या विचाराचे व्यवहारातले रूप म्हणजे वर्गाचा साक्षीविषयीचा नियम. पूर्वी दृढीकरणाच्या रविवारी प्रत्येक मुलाने उभे राहून साक्ष द्यायची प्रथा होती, आणि ती साक्ष बहुधा आईने लिहून पाठ करून घेतलेली असे. ‘मी पूर्वी पापाच्या अंधारात भटकत होतो’ असे तेरा वर्षांचा, कालपर्यंत शब्बाथ शाळेत (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात) चित्रे रंगवणारा मुलगा एका दमात म्हणे, आणि त्याच्यामागून आलेली मुलगीही तेच वाक्य म्हणे. आता पालकांनी साक्ष लिहून द्यायची नाही असा नियम आहे. मुलाला बोलायचे असेल तर तो आपल्या शब्दांत, हवे तर इंग्रजीमिश्रित मराठीत बोलतो. नसेल तर मंडळीबरोबर मतांगीकार म्हणतो आणि तेवढे पुरते. माझ्या मुलीने चार वाक्ये सांगितली. त्यांपैकी एक असे होते की, आजी आजारी असताना मी प्रार्थना केली, आजी गेली, तरी मला प्रार्थना करावीशी वाटते. घरी आम्ही ते कधी ऐकले नव्हते. पाठ करून घेतलेल्या साक्षीत ते वाक्य आले नसते एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

पालकांना दिलेल्या सूचनाही अशाच साध्या आहेत. मुलाला दर आठवड्याला ‘तुझे तारण झाले का’ असे विचारू नका. चुकल्यावर त्याच्या विश्वासावर बोट ठेवू नका, चुकीवर ठेवा. कौटुंबिक प्रार्थना ही शिक्षा म्हणून वापरू नका. आणि तुम्ही स्वतः मुलाची क्षमा मागितली आहे का ते आठवून पाहा. बापांनी मुलांना चिरडीस आणू नये हे इफिसकरांस पत्रातले वचन आपल्या घरांत मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावे या वचनाच्या मानाने फारच कमी वेळा वाचले जाते, हा टोमणा मला लागू पडला.

वर्गाची खरी परीक्षा माझ्या मुलाच्या वेळी झाली. निम्म्याहून अधिक वर्ग झाल्यावर त्याने सांगितले की, मतांगीकारातली काही वाक्ये मला खरी वाटतात आणि काही वाटत नाहीत, तर मी सगळ्यांसमोर उभा राहून ‘मी विश्वास धरतो’ असे कसे म्हणू? घरी वादळ झाले. आजोबांनी पाहुण्यांना सांगून ठेवले होते. शिवाय एक व्यावहारिक काळजी होती, जी पालक उघड बोलत नाहीत: अनेक मंडळ्यांत प्रभुभोजनासाठी आणि पुढे चर्चमध्ये लग्न लावण्यासाठी दृढीकरण झालेले असणे अपेक्षित असते, त्यामुळे ‘आत्ता उरकून घे, विश्वासाचे नंतर बघू’ असे म्हणण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. पाळकसाहेबांनी मुलाला एकट्याला भेटायला बोलावले नाही, त्याला समजावण्यासाठी तरुण संघाच्या मुलांनाही पाठवले नाही. नाव या वर्षीच्या यादीतून काढतो, पुढच्या कोणत्याही वर्षी घालता येईल, आणि तोपर्यंत तू शब्बाथ शाळेत लहान मुलांना मदत करायला ये, असे त्यांनी आमच्यासमोरच त्याला सांगितले. मुलगा अजून दृढीकरणाला उभा राहिलेला नाही. तो शंका मनातच ठेवून पांढरा शर्ट घालून उभा राहिला असता, तर आजोबांचा दिवस साजरा झाला असता, पण विश्वासाच्या बाबतीत घरात खोटे बोललेले चालते हा धडा त्याला आम्हीच दिला असता. ज्या वर्गात ‘नाही’ म्हणायला जागा आहे, तिथल्या ‘होय’ला मी अधिक किंमत देतो.

आता तक्रारीची बाजू. याच मंडळीत मे महिन्यात सुट्टीतील बायबल शाळा भरते आणि दृढीकरण वर्गाची बरीच मुले तिथूनच येतात. ती चालवायला काही वेळा बाहेरून गट येतो. गाणी, हस्तकला, नाटुकली हे सगळे उत्तम असते. पण एका वर्षी शेवटच्या दिवशी दिवे मंद करून, पेटीवर सावकाश सूर धरून, ‘ज्यांना येशूला हृदय द्यायचे आहे त्यांनी हात वर करा’ असे आवाहन झाले. सहा-सात वर्षांच्या मुलांचा अख्खा हॉल होता. पहिल्या रांगेतल्या मुलीने हात वर केला आणि क्षणात सर्वांचे हात वर गेले. त्यानंतर नाव, तारीख आणि सही असलेली छापील निर्णयपत्रे भरून घेतली गेली. शेजारच्या सोसायटीतली हिंदू घरांतली मुलेही खेळ आणि गाण्यांसाठी त्या शाळेत येतात. त्यांच्या आईवडिलांना न विचारता त्यांच्या हातीही तीच पत्रे दिली गेली, हे मला मुळीच पटले नाही. माझ्या मुलाच्या विश्वासाविषयी इतर कोणी माझ्या पाठीमागे निर्णय घेऊ नये असे मला वाटत असेल, तर शेजाऱ्याच्या मुलाबाबतही तोच न्याय लावला पाहिजे. त्यात सुवार्तेचा, म्हणजे येशूच्या शुभसंदेशाचा, काही अपमान होत नाही. पाळकसाहेबांनी नंतर ती पत्रे परत घेतली आणि शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बोलले. पुढच्या वर्षापासून प्रवेशाच्या वेळी काय शिकवले जाईल हे लेखी देऊन पालकांची सही घेतली जाते, आणि हात वर करण्याचा कार्यक्रम बंद झाला आहे. तरीही हे आधीच सुचायला हवे होते.

त्याच शाळेत मुलांना पाच रंगांच्या मण्यांचे कडे करायला देतात: काळा, लाल, पांढरा, सोनेरी आणि हिरवा. याचे मूळ रूप म्हणजे अक्षरे नसलेले, नुसत्या रंगीत पानांचे पुस्तक. लंडनचे उपदेशक स्पर्जन यांनी 1866 मध्ये काळे, लाल आणि पांढरे अशी तीनच पाने सांगितली होती, सोनेरी आणि हिरवे पान नंतर आले. निरक्षर माणसाला किंवा लहान मुलाला सुवार्तेचा क्रम लक्षात राहावा म्हणून ही युक्ती खरोखर चांगली आहे, आणि तारणाचा मार्ग फक्त मोठ्यांना कळतो या आळशी समजुतीवर ती उतारा आहे. पण माझ्या मुलीने लहानपणी तो काळा मणी मनगटाशी धरून ‘हा माझ्या रंगाचा आहे’ असे म्हटले होते, आणि ताईंनी तर काळा म्हणजे पाप असे सांगितले होते. आपल्या देशात, जिथे वर्णावरून मुलींना आधीच पुष्कळ ऐकावे लागते, तिथे हा मणी जसाच्या तसा वाटण्यापूर्वी थोडा विचार व्हावा. मी ही सूचना दिली आहे. अद्याप मणी तेच आहेत.

वर्गात सर्वांत कच्चा राहिलेला विषय म्हणजे दुसरा बाप्तिस्मा. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर दुसऱ्या सहभागितेत (वेगळ्या विश्वासू गटात) जाऊ लागतो, तिथे त्याला सांगितले जाते की पाळण्यातला बाप्तिस्मा खरा नव्हता, आणि तो घरी येऊन ‘मला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घ्यायचा आहे’ असे म्हणतो. आईवडील दुखावतात, आपण दिलेले सारेच नाकारले गेले असे त्यांना वाटते. अशी घरे आज पुण्या-मुंबईत थोडीथोडकी नाहीत. पाळकसाहेबांनी एवढेच सांगितले की, 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या (इथे अर्थ चर्च-संघटना) एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा बालबाप्तिस्मा देणारे आणि प्रौढ विश्वासणाऱ्यांनाच बाप्तिस्मा देणारे असे दोन्ही प्रवाह त्यात होते, आणि दोन्ही रीती मान्य करण्यात आल्या. ज्यांना बाळाचा बाप्तिस्मा नको त्यांच्यासाठी बालार्पणाचा विधी आहे. माहिती योग्य आहे, पण ज्या बापाचा मुलगा पुढच्या रविवारी नदीवर जाणार आहे त्याला तिचा काय उपयोग? मुलाचा उत्साह खरा असू शकतो आणि त्याचा निष्कर्ष चुकीचाही असू शकतो, हे दोन्ही धरून त्याच्याशी कसे बोलावे यासाठी एक अख्खे सत्र हवे होते. त्या मुलाला निदान विश्वासाची पर्वा आहे, चर्चला दांडी मारून झोपणाऱ्या मुलाच्या बापापेक्षा तुमची स्थिती बरी आहे, असे एका वडीलधाऱ्या सभासदाने चहाच्या वेळी त्या बापाला सांगितले. वर्गात त्या विषयावर याहून उपयोगाचे काही बोलले गेले नाही.

सोयींबद्दल: शुल्क नाममात्र आहे आणि त्यात पुस्तिका येते, ज्यांना जमत नाही त्यांना ते मागत नाहीत. पालकांची खोली लहान आहे, पंखा एकच, आणि भर पावसात पत्र्यावरच्या आवाजाने मागच्या रांगेला काही ऐकू येत नाही, म्हणून पुढे बसावे. चहा चांगला असतो. बाप बहुतांशी आईला पाठवून स्वतः पार्किंगमध्ये गप्पा मारत उभे राहतात. पाळकसाहेब बाहेर जाऊन त्यांना आत आणतात. मिश्रविवाहाच्या घरांतील पालकांनाही इथे संकोच वाटत नाही, कारण मुलाला ‘आमचे’ आणि ‘तुमचे’ असे वाटून घेण्याची भाषा वर्गात कोणी करत नाही. फक्त दाखला हवा असलेल्यांसाठी शहरात याहून झटपट चालणारे वर्ग आहेत. इथे नाव नोंदवायचे तर जूनच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर कार्यालयात अर्ज मिळतो. अर्जावर मुलाची सही वेगळी आणि पालकांची वेगळी लागते, आणि मुलाची सही पालकांनी केल्याचे दिसले तर अर्ज परत येतो.